अडकलेली चेन

सायकलची चेन अडकली की आपण पेडलवर उभे राहून जोर लावतो. तिथेच घोटाळा. चेन पुढचं दातेरी चक्र आणि फ्रेम यांच्यामध्ये आणखी रुतून बसते. (आमच्याकडे हिंदीत बरेच जण तिला 'चैन' लिहितात, मराठीत चैन म्हणजे भलतंच काही!)

निसरपुरात हे माहीत असणं गरजेचं आहे. 2019च्या सप्टेंबरात सरदार सरोवराच्या पाण्यात जुनं गाव बुडालं आणि वस्ती उठून नव्या वसाहतीत गेली. दहावीतली माझी मावसबहीण सायकलनेच शाळेत जाते. परीक्षेच्या सकाळी चेन अडकली तर दुकान उघडायची वाट कोण बघणार?

आधी सायकल उलटी करा, सीट आणि हँडलवर उभी. चेन जिकडून आत शिरली, तिकडेच तिला परत काढायचं, म्हणून पेडल हळूहळू उलटं फिरवा. फ्रीव्हीलमुळे मागचं चाक तेव्हा फिरत नाही. चेन हलत नसेल तर बोट घालू नका, पेचकस घाला. दाते आणि चेनच्या मध्ये बोट सापडलं तर नख जातं, कधी टोकही. ओढणी आधी कमरेला खोचा.

चेन मागे, फ्रीव्हीलपाशी रुतली असेल तर चाकाचे दोन्ही नट पान्याने सैल करून चाक पुढे सरकवा. चेन ढिली पडते आणि सुटते. मग आधी मागच्या दात्यांवर, नंतर पुढच्या चक्राच्या दात्यांवर चढवा आणि पेडल सरळ फिरवा.

आता खरं काम. चेन उतरली कशाने? बहुतेक वेळा ती सैल झालेली असते. चाक मागे ओढा, मधोमध धरा, नट आवळा. चेन मधोमध दाबली की अर्धा इंच हलली पाहिजे. पण हे एकाच जागी बघू नका: पुढचं चक्र क्वचितच अगदी गोल असतं, म्हणून पेडल फिरवत जिथे चेन सगळ्यात ताठ होते तिथे मोजा.

ताण बरोबर असूनही चेन उडत असेल तर एखादी कडी गंजून आखडलेली असते. पेडल उलटं फिरवताना फ्रीव्हीलवरून जाताना ती टुणकन उचलली जाते. तिच्यावर तेलाचा थेंब सोडा आणि दोन्ही हातांनी आडवी, अलगद वाकवा. हॅन्स रेनॉल्डने 1880 मध्ये मँचेस्टरला अशी चेन बनवली. तिचे रोलर सुटे फिरले तरच ती चालते. म्हणून तेल रोलरवर हवं. बाहेरचं पुसून टाका, नाहीतर धूळ चिकटते.