दार वाजले की आजी का दचकते?

अकोल्याचा सिंधी कॅम्प किंवा अमरावतीचा रामपुरी कॅम्प म्हटले की आज घरे, दुकाने आणि वर्दळ डोळ्यांसमोर येते. नावात 'कॅम्प' कशाला, हे मात्र नव्या पिढीला सांगावे लागते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या या वसाहती. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि हजारो कुटुंबांनी मुंबईची जहाजे गाठली. बरीच कल्याणच्या लष्करी छावणीत, म्हणजे आजच्या उल्हासनगरात थांबली. काही वऱ्हाडापर्यंत आली.

तेव्हाच्या आठ-दहा वर्षांच्या मुली आता नव्वदीकडे झुकल्या आहेत. समजा, त्यांच्यापैकी एखादी आजी. जन्मभर पापड लाटले, नातवंडे वाढवली, जुन्या दिवसांबद्दल अवाक्षर काढले नाही. आणि आता रात्री चार-चार वेळा उठून कडी तपासते. उशीखाली पोळी दडवते. नातीला बाहेर जाऊ देत नाही. मराठी-हिंदी सोडून फक्त सिंधीत बोलते. घरचे म्हणतात, म्हातारचळ लागला. सोयीचा शब्द आहे. तो उच्चारला की पुढे काही करावे लागत नाही.

लहानपणी बसलेली दहशत मेंदूत खोल रुजते. कामाच्या रगाड्यात आणि मेंदूच्या पुढच्या भागाच्या नियंत्रणामुळे ती दबून राहते. वय झाले, जोडीदार गेला, स्मृतिभ्रंश सुरू झाला की हा आवर सुटतो. कालचे जेवण आठवत नाही, पण सत्तर वर्षांपूर्वीची रात्र आठवते. दुसऱ्या महायुद्धातल्या छळछावण्यांतून वाचलेल्यांमध्ये म्हातारपणी हेच दिसून आले आहे.

सिंधमध्ये पंजाबइतका रक्तपात झाला नाही, हे खरे. पण भीती दोन्हीकडच्या बायकांनी भोगली. फाळणीत सुमारे ७५ हजार स्त्रिया पळवल्या गेल्या, असा अंदाज आहे. त्यांना परत आणण्यासाठी १९४९ मध्ये कायदा झाला. त्यात परत जायचे की नाही, हे त्या स्त्रीला विचारण्याची तरतूद नव्हती. परतलेल्या कित्येकींना घरच्यांनी दारात उभे केले नाही. मग बोलणार कोण? आघातोत्तर तणावाच्या विकाराला मानसोपचाराच्या अमेरिकी वर्गीकरणात नाव मिळाले तेच १९८० साली.

मात्र प्रत्येक गोंधळ जुन्या आठवणींच्या माथी मारू नये. आजी दोन-तीन दिवसांतच एकाएकी भ्रमिष्टासारखी वागू लागली, तर आधी लघवीतील जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातील सोडियमची घट, एखाद्या नव्या गोळीचा परिणाम तपासायचा. हे तातडीचे काम आहे. दवाखान्यात त्याच दिवशी न्यावे. घरातली झोपेची गोळी मनाने देणे तर टाळाच. वृद्धांमध्ये तिने गोंधळ वाढतो, तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते.

वॉर्डातही जपावे लागते. लघवीची नळी घालताना चार जणांनी हातपाय धरले की अशी बाई जिवाच्या आकांताने ओरडते. पदर ओढला जातोय, एवढेच तिला कळते. पडदा लावावा, नर्सने काय करणार ते आधी सांगावे, तिची भाषा बोलणारी लेक-सून उशाशी असावी. बऱ्याचदा हात बांधण्याची वेळच येत नाही.

घरी 'तेव्हा काय झाले होते?' असे खोदून विचारू नये. आघात सोसलेल्याला एका बैठकीत सगळे बोलायला लावण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनेही नाकारली आहे. ती आपणहून बोलली तर ऐकावे, मध्येच दुरुस्त करू नये. रात्री मंद दिवा ठेवावा. कडी तिच्या डोळ्यांदेखत लावावी. पोळी दडवते म्हणून रागावण्यापेक्षा उशाशी बिस्किटांचा डबा ठेवावा. दोन्ही जिल्ह्यांत शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. १४४१६ या 'टेली-मानस' क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो.