कोयता: उचलीने बांधलेले शरीर

कोयता म्हणजे किती माणसे

ऊसतोडीत कोयता हे हत्यार आहे आणि मोजमापही. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा. दिवाळीच्या आगेमागे बीड, पाथर्डीकडच्या टोळ्या जुन्नर तालुक्यातल्या खोडद-नारायणगावच्या बागायती पट्ट्यात उतरतात तेव्हा त्यांना आणणाऱ्या मुकादमाच्या वहीत कोयत्यांची संख्या असते. जोडीचा हिशेब बहुधा पुरुषाच्या नावावर होतो. बाईच्या श्रमाची वेगळी नोंद राहत नाही.

विकत घेतलेला माणूस

सतराव्या शतकाच्या आरंभी काही काळ अहमदनगरच्या निजामशाहीची राजधानी याच जुन्नरला होती. तिचा कारभार पाहणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मलेला आणि एकाहून अधिक वेळा विकला गेलेला गुलाम. बगदादच्या धन्याने त्याला शिकवले. शिकवलेला गुलाम अधिक मोलाचा. शरीर धन्याची मालमत्ता असल्याने ते निकामी झाले तर नुकसानही धन्याचे. गुलामगिरी यामुळे सौम्य ठरत नाही. माणसाचे नावसुद्धा धनी बदलत असे. मात्र हा हिशेब समजला की उचलीचे वेगळेपण कळते.

उचल

हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम म्हणजे उचल. लग्न, दवाखाना, कोरडे गेलेले साल, अशा कारणांसाठी ती घेतली जाते आणि टनामागे मिळणाऱ्या मजुरीतून फेडली जाते. हंगाम संपताना फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. कुणी कुणाला विकत घेत नाही. पाच-सहा महिन्यांचे श्रम आधीच बांधले जातात. शरीर मात्र मजुराचेच राहते, म्हणून दुखणेही त्याचेच. उचल देणाऱ्याचा ताबा असतो, सांभाळ नसतो.

फडातला दिवस

पहाटेच्या थंडीत ऊस बुडाशी छाटायचा, पाचट सोलायचे, मोळी बांधायची. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन बाई अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढते. गाडी मध्यरात्री आली तर मध्यरात्री भरायची. मुक्काम कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, जिथे शौचालय नाही आणि पाणीही लांबून आणावे लागते. जुन्नर वनविभागातल्या बिबट्यांनी उसातच घर केले आहे. तोड सुरू झाली की त्यांचा आडोसा जातो, आणि फडालगत निजलेल्या लेकरांचा जीव धोक्यात येतो.

खाडा

गैरहजेरीची कपात म्हणजे खाडा. ती पुष्कळदा दिवसाच्या कमाईहून मोठी असते. एक जण आजारी पडला तरी जोडी मोडते. ताप, पाळी, बाळंतपण या साऱ्यांना खाड्याचा दर लागतो. बीडमधील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये पुढे आल्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तपासणी झालेल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. दूषित पाणी, उपचार न झालेले संसर्ग, खासगी डॉक्टरांनी घातलेली भीती आणि खाडा ही कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत.

कायदा कुठे अडतो

1843 च्या कायद्याने गुलामावरील मालकीहक्काची न्यायालयीन मान्यता काढून घेतली. संविधानाच्या अनुच्छेद 23 ने वेठबिगारीला मनाई केली आणि 1976 च्या कायद्याने वेठबिगाराचे कर्जच रद्द केले. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले काम हीसुद्धा सक्तीची मजुरीच, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये स्पष्ट केले. प्रत्येक उचल वेठबिगारी ठरत नाही. पैसे गाठीला बांधून घरी परतणाऱ्या जोड्याही आहेत. पण काम सोडून जाण्याची मोकळीक राहिली का, हे तपासायला कागद लागतो. कारखाना, वाहतूकदार, मुकादम अशा साखळीत मजूर कुणाचा, हेच बहुधा लिहिलेले नसते. त्याच्या उचलीची नोंद मुकादमाच्या वहीत असते, आणि ती वही मुकादमाकडेच राहते.