स्टेरॉइड चालू आहे? मग हाडांकडेही लक्ष द्या

दमा, संधिवात, मूत्रपिंडाचे काही आजार, कुष्ठरोगातील रिॲक्शन अशा आजारांत डॉक्टर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात. औषध मोलाचे आहे. कुष्ठरोगाच्या रिॲक्शनमध्ये ते वेळेवर मिळाले तर हातापायाच्या नसा वाचू शकतात. मात्र हीच गोळी अनेक महिने चालली की हाडे ठिसूळ होऊ लागतात. जावळी, पाटण किंवा शिराळ्याच्या डोंगरात मोळी आणि पाण्याचा हंडा वाहणाऱ्या बाईचा मणका दबला, तर तिचे कामच थांबते.

हाडे का झिजतात?

हाड सतत थोडे झिजते आणि पुन्हा भरते. स्टेरॉइडमुळे हाड भरणाऱ्या पेशी मंदावतात. आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते आणि लघवीवाटे जास्त जाते. ही झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच सर्वांत वेगाने होते, पण हाड मोडेपर्यंत दुखत नाही. अचानक पाठदुखी, उंची कमी होणे, पोक येणे या खुणा दिसल्या तर डॉक्टरांना दाखवावे.

औषधे कोणती?

रोज 2.5 मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन तीन महिने वा त्याहून जास्त घ्यायचे असेल, तर सुरुवातीलाच डॉक्टरांना हाडांविषयी विचारावे. वय, पूर्वी मोडलेले हाड, पाळी गेली आहे का आणि डेक्सा तपासणी यांवरून ते धोका ठरवतात.

कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व हा पाया आहे. आपल्या डोंगरातल्या 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण 1000 मिलिग्रॅम आहे. ‘ड’ जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी मात्र रोज घ्यायची नसते. डॉक्टर सांगतील तेव्हाच घ्यावी.

धोका जास्त असेल तर बहुधा अलेंड्रोनेट 70 मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा देतात. आठवडी बाजाराचा वार धरला की विसर पडत नाही. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी. पुढे अर्धा तास चहा, न्याहारी किंवा दुसरी गोळी नको आणि आडवेही व्हायचे नाही. नाहीतर अन्ननलिकेला इजा होऊ शकते. गोळी सोसत नसेल तर झोलेड्रोनिक ॲसिड वर्षातून एकदा शिरेतून देतात. फार ठिसूळ हाडांसाठी रोजचे टेरिपॅराटाइड किंवा सहा महिन्यांनी डेनोसुमॅब ही इंजेक्शने आहेत. डेनोसुमॅबचा डोस चुकवू नये. ते मध्येच थांबले तर मणके मोडू शकतात.

मूत्रपिंडाचा आजार, दात काढायचा असणे, गरोदरपण किंवा मूल हवे असणे, हे औषध सुरू होण्यापूर्वीच सांगावे.

दोन गोष्टी कधीही करू नका

हाडांच्या भीतीने स्टेरॉइड एकाएकी बंद करू नका. शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे कमी केलेले असते; अचानक बंद केल्यास जिवावर बेतू शकते. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात.

तसेच जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा पुन्हा गोळ्या आणू नका. सांधेदुखीवर ‘झटपट गुण’ देणाऱ्या, नाव नसलेल्या पुड्यांपासून दूर राहा. अशा काही पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ आढळली आहे.

कार्यकर्त्यांनी घरभेटीत तीन प्रश्न जरूर विचारावेत: कोणती गोळी? किती दिवसांपासून? हाडांसाठी काही चालू आहे का? उत्तर समाधानकारक नसेल, तर रुग्णाला औषधाच्या पाकिटासह दवाखान्यात न्यावे.