नाते घरचे, पुरावा दोन राज्यांचा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा-सौसरचा मराठी मुलूख मध्यप्रदेशातच राहिला. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौसर त्यात आले. नकाशावरच्या रेषा बदलल्या, सोयरिकी मात्र बदलल्या नाहीत. आजही आपल्या मुली वरुड, काटोल, नरखेड, सावनेरला नांदतात आणि तिकडच्या मुली सुना होऊन आपल्याकडे येतात. या नात्यांना गावात कोणी पुरावा मागत नाही. पण घरचा कर्ता माणूस गेला आणि सरकारी विम्याचा किंवा कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज भरायची वेळ आली, की पहिलाच प्रश्न येतो : "तुम्ही मृताच्या कोण, आणि पुरावा काय?"

भाषेचा प्रश्न म्हटला की आपण शाळा, पाठ्यपुस्तके आणि शिक्षकांच्या रिक्त जागा यांबद्दल बोलतो. ते बोलायलाच हवे. परंतु हाच प्रश्न विधवेच्या अर्जातही दडलेला आहे, इकडे आपले लक्ष कमी जाते.

रक्कम क्षुल्लक नाही. बँक खात्यातून हप्ता कापला जाणाऱ्या प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचे २ लाख रुपये मिळतात. संबल योजनेत नोंद असलेल्या असंघटित कामगाराच्या सामान्य मृत्यूनंतर २ लाख, तर अपघाती मृत्यूनंतर ४ लाखांची तरतूद आहे. बोरगावच्या कारखान्यांत भविष्य निर्वाह निधी कापला जाणाऱ्या कामगाराच्या पत्नीला १९९५ च्या पेन्शन योजनेखाली निवृत्तिवेतन मिळू शकते. शिवाय एका वेळी दोन मुलांना वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत. हे सारे कामगाराशी असलेले नाते सिद्ध झाले तरच.

साखळी कुठे तुटते?

पहिली अडचण नावाची. मराठी रीतीप्रमाणे मुलीच्या नावापुढे वडिलांचे नाव येते, लग्नानंतर पतीचे. कित्येक घरांत तर लग्नात तिचे पहिले नावही बदलतात. महाराष्ट्रातील शाळेच्या दाखल्यावर ती 'शकुंतला बाळकृष्ण' असते, इकडच्या कागदांवर 'सुनंदा ज्ञानेश्वर' होते. त्यात मध्यप्रदेशच्या कागदांत पित्याचे किंवा पतीचे नाव वेगळ्या रकान्यात जाते. दोन्ही कागद खरे, पण कारकुनाच्या दृष्टीने त्या दोन बायका!

दुसरी अडचण अक्षराची. आपला 'ळ' हिंदी नोंदीत 'ल' होतो. काळे यांचे काले होतात, बाळकृष्णचा बालकृष्ण. 'ज्ञानेश्वर' हे नाव देवनागरीत दोन्हीकडे सारखेच. पण इंग्रजीत लिहिताना नागपूरकडे ते 'डी'पासून सुरू होते, भोपाळकडे 'जी'पासून. संगणकाला हे भाषेचे वळण कळत नाही.

तिसरी अडचण जागेची. जन्म-मृत्यूची नोंद राहत्या गावी होत नाही, घटना जिथे घडली तिथे होते. पहिले बाळंतपण माहेरी होते, म्हणून लेकराचा जन्मदाखला महाराष्ट्रातला. रुग्णाला नागपूरला नेले आणि तिथेच त्याचे निधन झाले, तर मृत्यूचा दाखलाही तिकडचाच. समग्र आयडी तेवढा इकडचा. एकाच घराचे कागद असे दोन राज्यांत आणि दोन भाषांत विखुरतात.

जिवंतपणीच जुळवा

यावर उपाय आहे, मात्र तो माणूस हयात असतानाच करायचा.

लग्नाची नोंद करा. सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले. माहेरचे आणि सासरचे नाव एकत्र बांधणारा हाच खरा कागद आहे. सून घरी येताच तिचे नाव समग्र परिवारात जोडा. पहिले नाव बदलले असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे शपथपत्र करून ठेवा. जन्माची खबर २१ दिवसांच्या आत द्या. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. माहेराहून परतताना लेकराचा दाखला सोबत आणा, आणि त्यावरील आई-बापाची नावे आधार कार्डाशी ताडून पाहा.

वारसाचे नामनिर्देशनही तपासा. भविष्य निर्वाह निधीत लग्नाआधी केलेले नामनिर्देशन लग्नानंतर रद्द ठरते. नोकरी लागताना आईचे नाव दिले आणि पुढे ते तसेच राहिले, असे घरोघरी असते. लग्न होताच नवे नामनिर्देशन भरावे.

शिक्षक बंधू-भगिनींनाही विनंती आहे. दाखिल-खारिज रजिस्टरमध्ये आपण लिहिलेले नाव त्या मुलाच्या जन्मभर चालते. घाईत 'ळ'चा 'ल' करू नका. जन्मदाखला पाहूनच आई-वडिलांची नावे लिहा.

मागणी कोणती?

सगळा भार कुटुंबावर टाकून चालणार नाही. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. अर्ज अडला तर मराठीत निवेदन द्या, पोच घ्या, आणि नाकारण्याचे कारण लेखी मागा. जिल्हा प्रशासनानेही एवढे करावे : मराठी दाखल्यांचे हिंदी भाषांतर तहसील पातळीवर विनामूल्य करून द्यावे, आणि 'ळ-ल'सारख्या फरकासाठी अर्ज परत न पाठवता स्थानिक चौकशी करावी. पंचनामा करायला पटवारी आहे, ओळख द्यायला सरपंच आहे, शाळेचे रजिस्टर आहे.

मागण्या मान्य होतील तेव्हा होतील. तोवर प्रत्येक गावातील दोन शिकल्या-सवरल्या तरुणांनी एखाद्या रविवारी शाळेच्या ओट्यावर बसावे आणि गावकऱ्यांचे कागद एकमेकांशी ताडून पाहावेत. दुःखाच्या दिवसांत कचेरीचे खेटे घालण्यापेक्षा हे काम सोपे आहे.