रसायनशाळा आणि अपात्रतेची कल्पना

रसायनशास्त्रात सर्वांना सामावून घेण्याचा विषय निघाला की, गुणवत्तेशी तडजोड केल्यावाचून हे साधणार नाही, असा आक्षेप बहुधा सर्वांत आधी पुढे येतो. आणि नवल असे की, तो खोडून काढणारे उदाहरण आपल्याच घरचे आहे. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमलाबाई सोहोनी, यांचा बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रवेशाचा अर्ज १९३३ साली संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केवळ स्त्रीत्वाच्या कारणास्तव नामंजूर केला, आणि त्यांच्या आग्रहापुढे अखेर नमते घेतले तेही पहिले वर्ष उमेदवारीवर काढण्याच्या शर्तीवर. १९३९ साली वनस्पतींतील सायटोक्रोम-सी या द्रव्यावरील संशोधनासाठी कमलाबाईंना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. येथे कसोटी सैल झाली नव्हती. पुरुष सहाध्यायांना माफ असलेली एक कसोटी त्यांच्यावर जादा लादली गेली होती.

दुसरा समज काळजीचा वेष घेऊन येतो: ज्वलनशील द्रव्यांच्या जागी बहिऱ्या माणसाचे काय काम? ऑस्ट्रेलियाच्या जॉन कॉर्नफर्थ यांची श्रवणशक्ती बालपणापासूनच मंदावत गेली होती. सिडनी विद्यापीठातील व्याख्याने त्यांना ऐकूच येत नसल्यामुळे त्यांनी पाठ्यपुस्तके आणि मूळ संशोधन-निबंध यांचा आश्रय केला. घरच्या ओबडधोबड प्रयोगशाळेत वयाच्या चौदाव्या वर्षापासून त्यांचा हात घडलेला होता. रिटा हॅराडेन्स या सहाध्यायिनीचा फुटलेला चंबू त्यांनी जोडून दिला, आणि त्या ओळखीचा शेवट विवाहात व आयुष्यभराच्या सहसंशोधनात झाला. ओठांची हालचाल वाचून आणि कागदावर लिहून संभाषण करणाऱ्या या गृहस्थांना १९७५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. धोक्याची घंटा ऐकू येत नसेल, तर तिच्याशेजारी लुकलुकणारा दिवा बसविण्याची तजवीज करता येते.

रंगांचेही तेच. मिथिल ऑरेंज टाकलेल्या द्रावणाचा तांबडा रंग पिवळ्याकडे नेमका केव्हा झुकला, हे तांबड्या-हिरव्यातला भेद न जाणणाऱ्या विद्यार्थ्यास ब्युरेटकडे कितीही डोळे ताणून पाहिले तरी उमगत नाही, आणि गुण मात्र त्याच्या हलगर्जीपणाच्या नावावर कापले जातात. पीएच-मापक ठेवला की हे भांडणच मिटते. अणुसिद्धान्ताचे जनक जॉन डाल्टन यांची दृष्टी अशीच होती, व तिच्यावर त्यांनी १७९४ साली स्वतःच निबंध वाचला होता.

स्वमग्न, अक्षरवाचनात अडखळणाऱ्या किंवा लक्ष स्थिर ठेवताना शिणणाऱ्या माणसांविषयी मात्र दोन परस्परविरोधी गैरसमज एकाच श्वासात बोलले जातात: त्यांच्याने काम निभणार नाही, अथवा ते अलौकिक प्रतिभेचे असतात. हायड्रोजनचा शोध लावणारे हेन्री कॅव्हेंडिश विलक्षण भिडस्त होते, मोलकरणींशी चिठ्ठ्यांवाटे बोलत. तेवढ्यावरून दोनशे वर्षांमागच्या माणसाचे निदान करणे मला धाडसाचे वाटते, आणि त्या दाखल्यावरून आजच्या प्रत्येक स्वमग्न विद्यार्थ्याकडे कॅव्हेंडिशची अपेक्षा धरणे तर सरळ अन्यायाचे. साधारण बुद्धीच्या रसायनज्ञासही नोकरीचा हक्क असतोच.

२०१६च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन-अक्षमता यांची नोंद एकवीस प्रकारांत केली असून वाजवी सोयीची तरतूदही त्यात आहे. तरी अशी सोय म्हणजे खर्चाचे मोठे प्रकरण, ही धास्ती दप्तरातून जात नाही. वास्तविक धूरशोषकाच्या घरघरीत तोंडी दिलेल्या सूचना ज्यांच्या मनात टिकत नाहीत, त्यांना कृतीचा क्रमवार लिहिलेला कागद आदल्या दिवशी हाती दिला, तर पुष्कळदा तेवढे पुरते.