स्लोची तक्रार आणि क्लचचा स्विच

सिग्नलला थांबलेल्या मोटारसायकलचा स्लो कधी विनाकारण चढतो, कधी उतरत उतरत इंजिन बंदच पडते, आणि त्यातच गाडी गिअरमध्ये असताना क्लच पूर्ण दाबूनही सेल्फ लागत नाही, अशा वेळी हाताशी येईल तो स्क्रू फिरवण्याचा मोह जाणत्या माणसालाही होतो. तो मोह आवरून प्रत्येक तक्रारीची जबानी स्वतंत्रपणे घ्यावी. कारण पुष्कळदा येथे आरोपी एक नसून दोन असतात.

स्लोची तपासणी इंजिन पुरते तापल्यावरच करावी. सर्वसाधारण गाडीचा स्लो मिनिटाला सुमारे १२०० ते १५०० फेऱ्यांच्या दरम्यान असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. उभ्या गाडीचे हँडल डावी-उजवीकडे वळवताना इंजिनचा आवाज चढला, तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जात आहे असे समजावे. हँडल स्थिर असूनही स्लो चढलेलाच राहत असेल, तर कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबराला चीर पडून बाहेरची हवा आत शिरत असल्याचा संशय घ्यावा. याउलट, तापलेले इंजिन चोक ओढल्याशिवाय टिकत नसेल, तर स्लो जेटच्या सूक्ष्म छिद्रात गाळ अडकल्याचा संभव अधिक. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत मात्र या कारभाराची मुखत्यारी संगणकाकडे असल्यामुळे तेथे स्क्रूच्या वाटेस न जाता थ्रॉटल बॉडीतील काजळी साफ करून घ्यावी.

आता स्विचकडे वळू. क्लचच्या लिव्हरच्या बुडाशी, बोटाच्या पेराएवढा हा स्विच असतो. न्यूट्रलमध्ये सेल्फ लागतो, परंतु साइड स्टँड वर असताना, गिअरमध्ये क्लच दाबूनही तो लागत नाही, हा या स्विचविरुद्ध किंवा त्याच्या तारांविरुद्ध सबळ पुरावा होय. पावसाळ्यात पाणी आणि चिखल शिरून त्याचे संपर्कबिंदू गंजतात. त्याच्या दोन तारा सोडवून मीटर लावावा आणि लिव्हर सावकाश दाबून सोडावी. दोन्ही स्थितींत मीटरने एकच उत्तर दिले, तर स्विच साफ करावा, आणि तेवढ्याने भागले नाही तर बदलावा.

आणखी एक भेद ध्यानी ठेवण्याजोगा आहे. क्लच दाबून पहिला गिअर टाकताच स्लो खाली बसत असेल आणि गाडी पुढे सरकू पाहत असेल, तर बहुधा दोष कार्बोरेटरचा नव्हे, स्विचचाही नव्हे. केबल सैल पडल्यामुळे क्लच पुरता सुटत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

शेवटी वाचकांना एक कळकळीची विनंती. बिघडलेल्या स्विचच्या तारा परस्पर जोडून टाकण्याची तजवीज कोणी सुचवली, तर ती मान्य करू नये. तसे केल्यास क्लच न दाबताही, गिअरमध्ये असलेली गाडी सेल्फचे बटण दाबताच पुढे झेप घेते, आणि तिच्यासमोर कोण उभे असेल याचा भरवसा नसतो.