प्रभागाची रेघ कोण ओढतो?

निवडणूक जाहीर झाली की आपल्या वस्त्यांना जाग येते. विहारासमोर बैठका सुरू होतात. उमेदवार कोण, तिकीट कोणाला, युती कोणाशी, यावर रात्ररात्र काथ्याकूट चालतो. पण त्या निवडणुकीचा अर्धा निकाल काही महिने आधीच लागून गेलेला असतो. एका कार्यालयात बसून नकाशावर रेघ ओढली जाते, तो नकाशा नोटीस बोर्डावर लागतो, मुदत संपते आणि फाईल बंद होते. त्या दिवसांत आपले कार्यकर्ते कोठे असतात, हा प्रश्न मी आज विचारणार आहे, आणि तो मला स्वतःलाही विचारावा लागतो.

आपल्या बुलडाणा जिल्ह्याचेच पाहा. जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि २०२५ साल सरेपर्यंत सारा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्याच मार्च २०२२ मध्ये आघाडी सरकारने कायदा करून प्रभाग रचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून स्वतःकडे घेतले. सदस्यसंख्या वाढविली गेली, नवे गट आणि गण पडले, लोकांनी हरकती दिल्या, सुनावण्या झाल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये सत्तेवर आलेल्या दुसऱ्या सरकारने ती वाढच रद्द केली आणि लोकांनी दिलेल्या हरकती रद्दीत गेल्या. जनतेला न विचारता वाढविले आणि जनतेला न विचारताच घटविले! या बाबतीत दोन्ही सरकारे सख्खी भावंडे.

पुढे ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रखडलेल्या निवडणुका घेण्याचे आदेश दिले आणि यंत्रणा धावू लागली. १४ जुलै २०२५ रोजी गट-गणांचे प्रारूप प्रसिद्ध झाले. हरकती देण्याची अखेरची तारीख होती २१ जुलै. म्हणजे सात दिवस. ते दिवस आपल्याकडे कोणते असतात हे शेतात राबणाऱ्याला सांगायला नको. सोयाबीनची निंदणी, कपाशीची डवरणी चालू असते, मजुराला एक दिवस घरी बसणे परवडत नाही. प्रारूप लागते जिल्हाधिकारी कार्यालयात आणि तहसीलमध्ये. हरकतीवर निर्णय घेणार विभागीय आयुक्त, म्हणजे अमरावती. सिंदखेडराजा किंवा देऊळगावराजा तालुक्यातल्या खेड्यातून अमरावती दोनशे किलोमीटरपेक्षा लांब आहे. दोन दिवसांची मजुरी बुडवून आणि एस.टी.चे भाडे भरून नकाशावरच्या रेघेबद्दल बोलायला कोण जाणार? जातो तो पुढारी, ज्याला गाडी आहे आणि ज्याला त्या रेघेत स्वतःचा गट दिसतो.

आता ही रेघ आपल्याला का महत्त्वाची, ते सांगतो, कारण पुष्कळ शिकलेल्या मंडळींनाही हे ठाऊक नसते. नगरपरिषदेत अनुसूचित जातीचे आरक्षण कोणत्या प्रभागात पडणार हे लोकसंख्येच्या टक्केवारीवर ठरते. ज्या प्रभागात टक्का जास्त, तेथून उतरत्या क्रमाने जागा दिल्या जातात आणि पुढच्या निवडणुकांत त्या फिरतात. समजा, एका प्रभागाची लोकसंख्या तीन हजार आहे आणि त्यात आपले भीमनगर बाराशेचे. वस्ती एकत्र राहिली तर टक्का चाळीस. मधल्या गल्लीतून रेघ गेली आणि सहाशे इकडे, सहाशे तिकडे झाले, तर दोन्हीकडे वीस. क्रम लागताना चाळीसवाला प्रभाग वर असता, वीसवाले दोन्ही खाली ढकलले जातात. सर्वसाधारण जागेवर लढावे तर दोन्हीकडे आपली मते दुसऱ्याच्या विजयाला पुरणारी, स्वतःच्या विजयाला अपुरी. कोणी शिवी दिली नाही, कोणी मारले नाही, एक रेघ तेवढी ओढली.

आयोगाच्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलेले असते की, अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांचे शक्यतो विभाजन होणार नाही याची काळजी घ्यावी. वकिली करणाऱ्या माणसाचे लक्ष नियमापेक्षा त्या 'शक्यतो' शब्दाकडे आधी जाते. शेकडो वस्त्या या एका शब्दाच्या फटीतून दुभंगल्या आहेत.

२०१६ सालची गोष्ट आहे. नगरपरिषदांच्या निवडणुका होत्या, दोन सदस्यांचे प्रभाग पडत होते. जिल्ह्यातल्याच एका शहरातील आपली वस्ती अशीच मधोमध कापली गेली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता तेथील पाच-सहा तरुण माझ्याकडे आले. मी घाईघाईने हरकत लिहिली. बाबासाहेब, संविधान, सामाजिक न्याय, सगळे त्यात आले. खाली चाळीसेक सह्या, काही अंगठे. सुनावणीला आम्ही पन्नास माणसे घेऊन गेलो. अधिकाऱ्याने शांतपणे विचारले, "वकीलसाहेब, यात कोणता प्रगणक गट कुठून कुठे हलवायचा? हलविल्यावर दोन्ही प्रभागांची लोकसंख्या किती होते?" माझ्याकडे उत्तर नव्हते. प्रभाग रचना २०११ च्या जनगणनेच्या प्रगणक गटांवर चालते, ते गट फोडता येत नाहीत, आणि सरासरी लोकसंख्येपेक्षा दहा टक्क्यांच्या वर फरक पडू द्यायचा नाही अशी मर्यादा असते. माझ्या हरकतीत गट क्रमांक नव्हता, नकाशा नव्हता, तक्ता नव्हता. पाच मिनिटांत सुनावणी संपली. रेघ होती तेथेच राहिली. बाहेर पडल्यावर त्या तरुणांनी घोषणा दिल्या, मी मात्र मान खाली घालून स्कूटर काढली. त्या दिवशी अधिकाऱ्याला नावे ठेवणे सोपे होते. खरा कच्चा मीच निघालो होतो.

मग कोर्टात का गेला नाहीत, असे कोणी विचारील. संविधानाच्या कलम २४३-ओ आणि २४३-झेडजी यांनी मतदारसंघांच्या सीमांकनाच्या वादात न्यायालयाचे दार जवळपास बंद करून ठेवले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेशच्या प्रधान संघ क्षेत्र समितीच्या खटल्यात एक फट तेवढी ठेवली. सीमांकनापूर्वी हरकती मागविल्याच नाहीत, म्हणणे ऐकूनच घेतले नाही, एवढ्याच कारणावर दाद मागता येईल, आणि तीही निवडणुकीची अधिसूचना निघण्यापूर्वी. याचा अर्थ नीट समजून घ्या. ज्याने हरकतच दिली नाही, त्याच्या हातात पुढे काहीही राहत नाही. ते सात दिवस म्हणजेच आपले कोर्ट.

संघटित रहिवासी काय करू शकतात याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. कल्याण महानगरपालिका करताना १९८२ च्या प्रारूपात उल्हासनगरही घातले होते. तेथील लोकांनी जोरदार विरोध केला आणि शासनाने उल्हासनगर वगळले. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८९ मध्ये न्यायालयाने शासनाचा निर्णय कायम ठेवला. त्या निकालाची दुसरी बाजूही आहे. असे निर्णय कायदे करण्याच्या स्वरूपाचे असल्याने कायद्यात लिहिली आहे त्याहून जास्त सुनावणी कोणी हक्काने मागू शकत नाही, असे त्यात म्हटले. म्हणजे जेवढी संधी कायद्यात लिहिली आहे, तेवढीच आपली.

आणि कायद्यात किती लिहिली आहे? १९६५ च्या नगरपालिका कायद्यात नवे नागरी क्षेत्र जाहीर करण्यापूर्वी उद्घोषणा काढून किमान तीस दिवस हरकती मागवाव्या लागतात. गट-गणांना मात्र सात दिवस पुरतात. आपल्या जिल्ह्यात मोताळा आणि संग्रामपूर या ग्रामपंचायती तालुक्याचे ठिकाण म्हणून २०१४ च्या धोरणानंतर नगरपंचायती झाल्या. नगरपंचायत झाली की निधी येतो, रस्ते होतात, हे खरे. पण त्याच दिवशी ग्रामसभा संपते. सरपंचाला उभे करून हिशेब विचारण्याची ती एकमेव जागा होती. मनरेगाचा कायदा ग्रामीण भागापुरता असल्याने भूमिहीन मजुराच्या जॉबकार्डाचाही आधार जात होता. या गोष्टी वस्तीत बसून कोणी समजावून सांगितल्या? नागरी भागात ग्रामसभेच्या धर्तीवर क्षेत्रसभा भरवावी अशी दुरुस्ती २००९ मध्ये झाली आहे. आपल्या शहरातील वाचकांनी स्वतःला विचारावे, आपण एका तरी क्षेत्रसभेला बसलो आहोत काय?

इंग्लंडमध्ये स्थानिक सीमांकनासाठी स्वतंत्र आयोग आहे. तो प्रारूप काढण्याच्या आधीच रहिवाशांना विचारतो की, तुमची वस्ती कोठून कोठपर्यंत, तुम्ही बाजाराला, शाळेला, दवाखान्याला कोठे जाता. मग प्रारूप काढतो आणि पुन्हा विचारतो. आपल्याकडे प्रारूप तयार होईपर्यंत गोपनीयता पाळायची असते. गोपनीयता कोणापासून? सत्ताधाऱ्यांच्या बैठकीत नकाशा पोहोचलेला असतो, हे गावातले शेंबडे पोरही सांगेल.

बाबासाहेबांना हे ठाऊक होते. १९३२ मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयक आले तेव्हा त्यांनी विरोध केला. सर्व प्रौढांना मत दिले एवढ्याने भागत नाही, अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाची हमी कायद्यातच हवी, ही त्यांची भूमिका होती. महाडचेही तसेच. चवदार तळे खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये केला, पण २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब लोकांना घेऊन तळ्यावर गेले तोवर तो कागदावरच होता. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. आपण रस्त्यावर जिंकलेले सभागृहात कसे काढून घेतले जाते, ते शंभर वर्षांपूर्वी आपण पाहिले आहे.

आता एक कडू गोष्ट. आपल्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे बौद्ध लोकसंख्या साधारण चौदा टक्के आहे, अनुसूचित जाती अठरा टक्क्यांच्या आसपास. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. पण जनगणनेत धर्म 'बौद्ध' लिहिला आणि अनुसूचित जातीच्या रकान्यात जातीचे नाव गेले नाही, तर तो माणूस अनुसूचित जातीच्या आकड्यातून गळतो. अनेक घरांत हे अभिमानाने झाले, अनेक ठिकाणी प्रगणकाने परस्पर रकाना मोकळा सोडला. जात लिहिणे धम्माशी प्रतारणा आहे असे म्हणणाऱ्या बांधवांचा मी आदर करतो, मीही घरी हाच वाद घातला आहे. परंतु तो मोकळा रकाना प्रभागाचा टक्का खाली आणतो, जागांची संख्याही खाली आणतो. शिवाय जिल्हा परिषदेसाठी २०२५ च्या नव्या नियमांनी आरक्षणाचे चक्र पहिल्यापासून सुरू केले. ज्या गटाने वर्षानुवर्षे पाळीची वाट पाहिली त्याची वाट पुसली गेली, आणि टक्क्याचे महत्त्व आणखी वाढले.

आपल्याच काही पुढाऱ्यांना फुटलेली वस्ती सोयीची वाटते, हेही लिहून ठेवतो. दोन प्रभागांत दोन पुढारी, दोघांच्या दोन पाकिटांची सोय. वस्ती एक झाली तर उमेदवार एकच लागतो.

शासनाने हरकतींना तीस दिवस द्यावेत, नकाशा ग्रामपंचायतीच्या आणि वस्तीच्या फलकावर लावावा, सुनावणी तालुक्याला घ्यावी आणि हरकत फेटाळली तर कारण लेखी द्यावे, एवढी मागणी प्रत्येक संघटनेने निवेदनात घालायला हरकत नाही. पण निवेदनाची वाट पाहत आम्ही बसलो नाही. २०१६ च्या त्या फजितीनंतर दोन-तीन वस्त्यांत आम्ही रविवारी वंदना झाल्यावर विहारातच वही घेऊन बसू लागलो. कोणती गल्ली कोणत्या प्रगणक गटात येते, गटाची लोकसंख्या किती, त्यात अनुसूचित जातीची किती, नाला कोठे, रस्ता कोठे, हे सारे त्या वहीत आहे. बारावी झालेल्या दोन मुली ती वही सांभाळतात, मला त्यातले हिशेब त्यांनाच विचारावे लागतात. पुढच्या वेळच्या एका हरकतीला आम्ही तक्ता आणि हाताने काढलेला नकाशा जोडला. आमच्या तीन मागण्यांपैकी एक मान्य झाली, दोन फेटाळल्या. एक गल्ली आमच्याकडे परत आली. १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेच्या जनगणनेचे प्रगणक गट नवे असतील, तेव्हा त्या मुलींना वही पहिल्या पानापासून लिहावी लागणार आहे. कोऱ्या वहीचे पैसे एका रिक्षावाल्या दादाने आधीच देऊन ठेवले आहेत.